वही तपासणी

वही तपासणी म्हणजे विद्यार्थ्याने वर्गात किंवा घरी केलेले लेखी काम शिक्षकाने वाचणे, त्यातील बरोबर व चूक दर्शवणे, आवश्यक तेथे गुण, श्रेणी किंवा शेरा देणे आणि पुढील कामासाठी मार्गदर्शन करणे. शालेय शिक्षणातील ही नित्याची प्रक्रिया आहे. तिच्यातून विद्यार्थ्यापर्यंत जी माहिती पोहोचते तिला शिक्षणशास्त्रात प्रत्याभरण किंवा अभिप्राय असे म्हणतात. तपासणी व प्रत्याभरण हे शब्द व्यवहारात बहुधा एकाच अर्थाने वापरले जातात. तथापि त्यांत भेद आहे. वही तपासून, दिनांक घालून व स्वाक्षरी करून परत दिली म्हणजे तपासणी पूर्ण होते. प्रत्याभरण मात्र विद्यार्थ्याने शेरा वाचून, समजून घेऊन आपल्या कामात काही बदल केल्यावरच पूर्ण होते. या विषयावरील बहुतेक संशोधन, शासकीय धोरणे आणि शिक्षकांमधील मतभेद या एका भेदाभोवती फिरतात.

स्वरूप

शाळेत तपासल्या जाणाऱ्या कामात वर्गपाठ, गृहपाठ, स्वाध्याय, शुद्धलेखन, निबंध, प्रयोगवही, प्रकल्प आणि घटक चाचणीच्या उत्तरपत्रिका यांचा समावेश होतो. मराठी शाळांत वर्गपाठाची व गृहपाठाची वही स्वतंत्र ठेवण्याची पद्धत रूढ आहे. तपासणी सामान्यतः लाल शाईने केली जाते. बरोबर उत्तरापुढे तिरपी खूण, चुकीच्या उत्तरावर फुली, अशुद्ध शब्दाखाली रेघ किंवा भोवती गोल आणि शेवटी स्वाक्षरी हा तिचा परिचित साचा होय. ‘छान’, ‘अक्षर सुधारा’, ‘अपूर्ण’, ‘पुन्हा लिहा’ हे शेरे पिढ्यान्‌पिढ्या वापरात आहेत.

या खुणा सार्वत्रिक नाहीत. जपानमध्ये बरोबर उत्तराभोवती वर्तुळ काढतात, तर भारतात ‘बरोबर’ म्हणून ओळखली जाणारी तिरपी खूण तेथे चूक दाखवते. विशेष चांगल्या कामावर जपानी शिक्षक पाकळ्यांचे वर्तुळ काढतात. गुणांच्या मोजपट्ट्याही भिन्न आहेत. फ्रान्समध्ये २० पैकी गुण देण्याची परंपरा आहे, फिनलंडमध्ये ४ ते १० ही श्रेणी आहे, तर जर्मनीत १ हा सर्वोत्तम आणि ६ हा सर्वांत खालचा अंक असतो. नॉर्वेमध्ये पहिली सात वर्षे गुण दिलेच जात नाहीत.

मूल्यमापनाचे आकारिक व संकलित असे दोन प्रकार मानले जातात. ही संज्ञांची जोडी मायकेल स्क्रिव्हन यांनी १९६७ मध्ये अभ्यासक्रमांच्या मूल्यमापनासंदर्भात मांडली आणि बेंजामिन ब्लूम यांनी ती विद्यार्थ्यांच्या अध्ययनाला लावली. शिकणे चालू असताना त्याला आकार देण्यासाठी केलेले मूल्यमापन आकारिक, तर ठरावीक टप्प्यावर संपादणूक मोजण्यासाठी केलेले मूल्यमापन संकलित होय. रोजची वही तपासणी स्वभावतः आकारिक आहे. रॉइस सॅडलर यांनी १९८९ मध्ये तिच्या तीन अटी सांगितल्या. अपेक्षित दर्जा कोणता हे विद्यार्थ्याला कळले पाहिजे, आपले काम त्या दर्जाशी ताडून पाहता आले पाहिजे आणि दोहोंतील अंतर कमी करण्यासाठी त्याने काही कृती केली पाहिजे. तिसरी अट शिक्षकाच्या लेखणीने पूर्ण होत नाही. ती विद्यार्थ्याच्या हातानेच पूर्ण होते.

इतिहास

इंग्रजी अंमलापूर्वीच्या महाराष्ट्रातील पंतोजींच्या शाळांत मुले धूळपाटीवर अक्षरे व अंक गिरवत. पुढे दगडी पाटी व लेखण आली. या दोन्ही साधनांत चूक दाखवणे आणि ती सुधारणे जवळजवळ एकाच क्षणी घडे. पंतोजींनी पाटी पाहिली की मूल ती पुसून पुन्हा लिही. मागे काहीच उरत नसे. त्यामुळे प्रगतीची नोंद राहत नसे. पण चुकीची नोंदही राहत नसे.

कागद स्वस्त झाल्यावर वही सर्वसामान्य विद्यार्थ्याच्या हाती आली आणि ही स्थिती बदलली. वहीतील काम टिकते, घरी नेता येते आणि शिक्षक व विद्यार्थी यांच्याखेरीज तिसऱ्या व्यक्तीलाही ते पाहता येते. पालक, मुख्याध्यापक आणि तपासणी अधिकारी हे अशा प्रकारे वहीचे वाचक बनले. मुंबई इलाख्यात १८५५ मध्ये शिक्षण खाते सुरू झाले. त्यातील डेप्युटी इन्स्पेक्टर खेड्यापाड्यांतील शाळांना भेट देत. लोकभाषेत ‘दिपोटी’ म्हणून ओळखल्या जाणाऱ्या या अधिकाऱ्याच्या भेटीचा धाक मराठी आत्मचरित्रांत व विनोदी लेखनात वारंवार आढळतो. इंग्लंडमध्ये तर १८६२ च्या सुधारित संहितेनुसार निरीक्षकाने वाचन, लेखन व अंकगणितात घेतलेल्या परीक्षेच्या निकालावर शाळेचे अनुदान अवलंबून ठेवण्यात आले आणि ही पद्धत काही फेरफारांसह शतकाच्या अखेरपर्यंत टिकली. मुलाचे लेखी काम हा शाळेच्या कामगिरीचा पुरावा आहे, ही समजूत या काळात पक्की झाली. वही तपासणीत आजही दिसणारा दुहेरीपणा, म्हणजे मुलासाठी लिहायचे की मुलाची वही पाहणाऱ्यासाठी, याचे मूळ तेथे आहे.

चूक आणि चुकीचे कारण

चुकीच्या उत्तरावर फुली मारल्याने उत्तर चुकले एवढेच कळते. ते का चुकले हे शोधणे हा तपासणीतील सर्वांत कठीण आणि सर्वांत उपयुक्त भाग आहे. प्राथमिक गणितातील वजाबाकी हे याचे अभ्यासले गेलेले उदाहरण होय. एखाद्या मुलाने ५२ − ३८ = २६, ८१ − ४७ = ४६ आणि ७५ − २३ = ५२ अशी उत्तरे लिहिली असतील, तर गुणांच्या भाषेत त्याला तीनपैकी एक गुण मिळतो. उत्तरे एकत्र वाचल्यास मात्र दिसते की मुलाने प्रत्येक स्थानी मोठ्या अंकातून लहान अंक वजा केला आहे. अंक वरचा की खालचा याचा विचार केलेला नाही. तिसरे उदाहरण बरोबर आले ते त्यात हातचा घेण्याची गरज नव्हती म्हणून. मूल निष्काळजी नाही. ते एक नियम काटेकोरपणे पाळत आहे आणि तो नियमच चुकीचा आहे.

जॉन सीली ब्राउन व रिचर्ड बर्टन यांनी १९७८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात मुलांच्या वजाबाकीतील अशा नियमबद्ध चुकांची वर्गवारी केली आणि त्यांना संगणकीय आज्ञावलीतील दोषांची उपमा दिली. अशा वेळी ‘हातचा घ्यायला विसरलास’ हा शेराही चुकीचा ठरतो. जे समजलेलेच नाही ते विसरण्याचा प्रश्न नसतो. येथे उपयोगी पडतात दहा-दहा काड्यांचे गठ्ठे. पाच गठ्ठे व दोन सुट्या काड्या यांतून अडतीस काड्या काढून दे असे सांगितले की एक गठ्ठा सोडावाच लागतो आणि उत्तर २६ नसून १४ आहे हे मुलाला स्वतःला दिसते. वहीतील शेऱ्याचे काम येथे एवढेच, की हे मूल काड्यांकडे परत गेले पाहिजे हे शिक्षकाच्या लक्षात आणून देणे.

मराठी माध्यमात आणखी एक चूक नेहमी आढळते. ‘पंचवीस’ ऐकून मूल ५२ लिहिते, कारण मराठी संख्यानामांत एककाचा उच्चार आधी व दशकाचा नंतर होतो. लिहिताना मात्र दशक आधी येतो. ‘एकोणतीस’ या शब्दात तीस ऐकू येत असल्याने ३९ लिहिले जाणेही याच जातीचे. ही चूक मुलाची जितकी तितकीच भाषेची आहे. बालभारतीने २०१९ मध्ये इयत्ता दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात प्रचलित नावांसोबत ‘वीस एक, वीस दोन’ असे वाचन सुचवले ते ही अडचण ध्यानात घेऊनच. त्या बदलावर बराच वाद झाला. संबंधित समितीच्या अध्यक्ष गणितज्ञ मंगला नारळीकर होत्या.

भाषेच्या वहीत हा प्रश्न अधिक गुंतागुंतीचा होतो. मराठी साहित्य महामंडळाच्या लेखनविषयक नियमांपैकी चौदा नियमांना १९६२ मध्ये शासनाने मान्यता दिली आणि १९७२ मध्ये आणखी चार नियमांची भर पडली. निबंध तपासताना सर्वाधिक लाल शाई या नियमांतील ऱ्हस्व-दीर्घावर खर्च होते. एखाद्या मुलीने पानभर निबंधात ‘फूलाचा’, ‘मूलाला’, ‘दूधात’ आणि ‘गरीबाला’ असे लिहिले, तर शिक्षक चार ठिकाणी गोल करून चार शुद्ध रूपे वर लिहितो. मुलीला चार चुका दिसतात. वस्तुतः चूक एकच आहे. ‘फूल’, ‘मूल’, ‘दूध’, ‘गरीब’ या शब्दांतील दीर्घ इकार-उकार विभक्तिप्रत्यय लागताना ऱ्हस्व होतो आणि ‘फुलाचा’, ‘मुलाला’, ‘दुधात’, ‘गरिबाला’ अशी रूपे बनतात, हा एक नियम तिला माहीत नाही. चार गोलांऐवजी ‘या चार शब्दांत काय सारखे आहे ते शोध’ अशी एक ओळ लिहिली तर शाई कमी लागते आणि काम मुलीकडे जाते. ‘शरीर–शरीराला’ यांसारखे तत्सम शब्द या नियमाला अपवाद आहेत, हे सांगण्याची वेळ नंतर येते.

‘पानी’, ‘व्हतं’, ‘माह्या’ अशी रूपे लेखनात येतात तेव्हा शिक्षकापुढे वेगळाच प्रश्न असतो. ही रूपे त्या त्या भागातील बोलीत पूर्णतः नियमबद्ध आहेत. मूल घरी ऐकते तसे लिहिते. त्यांवर ‘अशुद्ध’ असा शेरा दिला की मुलाला आपल्या आईची भाषा चूक असल्याचे कळते, आणि पुढच्या निबंधात ते कमी लिहू लागते. ‘घरी असे बोलतो, पुस्तकात असे लिहितो’ अशी तुलना शेजारी-शेजारी मांडणे हा अनेक भाषाशिक्षकांनी पसंत केलेला मार्ग आहे. गोंडी, कोरकू, भिली किंवा पावरी बोलणाऱ्या घरांतील मुलांसाठी तर प्रमाण मराठी ही शाळेत येऊन शिकलेली दुसरी भाषा असते. त्यांचे पहिले परिच्छेद शुद्धलेखनाच्या दृष्टीने वाचण्याआधी मजकुराच्या दृष्टीने वाचले जावेत, असे मत त्यामुळे मांडले जाते.

सर्व चुका दाखवाव्यात की निवडक, याविषयी शिक्षकांत एकमत नाही. न दाखवलेली चूक मुलाला बरोबर वाटेल, अशी भीती एका बाजूला आहे आणि ती निराधार नाही. विशेषतः पालक वही पाहतात तेव्हा न खुणावलेली चूक शिक्षकाच्या दुर्लक्षाचा पुरावा मानली जाते. दुसऱ्या बाजूने, लाल खुणांनी भरलेल्या पानातून नऊ वर्षांचे मूल कोणती एक गोष्ट शिकेल, हा प्रश्न उरतो. व्यवहारात पुष्कळ शिक्षक पहिल्या परिच्छेदात चुका खुणावून उरलेल्या भागात त्याच प्रकारच्या चुका शोधण्यास सांगतात किंवा ‘या आठवड्यात फक्त विरामचिन्हे’ असे आधीच जाहीर करतात. दुसऱ्या उपायात पालकांनाही ते कळवणे सोयीचे ठरते.

गुण, शेरा आणि संशोधन

शेऱ्याचा परिणाम मोजण्याचा एक प्रारंभीचा मोठा प्रयोग अमेरिकेत एलिस पेज यांनी केला आणि तो १९५८ मध्ये प्रसिद्ध झाला. ७४ माध्यमिक शिक्षकांनी आपल्या वर्गातील नेहमीच्या चाचणीच्या उत्तरपत्रिका तपासून तीन गट पाडले. एका गटाला केवळ गुण व श्रेणी, दुसऱ्याला श्रेणीनुसार ठरवून दिलेले छापील स्वरूपाचे वाक्य आणि तिसऱ्याला शिक्षकाला त्या विद्यार्थ्यासाठी योग्य वाटेल तो शेरा देण्यात आला. पुढच्या चाचणीत शेरा मिळालेले विद्यार्थी केवळ गुण मिळालेल्यांपेक्षा सरस ठरले आणि स्वतंत्रपणे लिहिलेल्या शेऱ्यांचा परिणाम सर्वाधिक दिसला.

रूथ बटलर यांनी इस्रायलमधील पाचवी-सहावीच्या विद्यार्थ्यांवर केलेला आणि १९८८ मध्ये प्रसिद्ध झालेला प्रयोग त्याहून अधिक उद्धृत केला जातो. काहींना फक्त शेरे, काहींना फक्त गुण आणि काहींना दोन्ही मिळाले. केवळ शेरे मिळालेल्या मुलांची कामगिरी व रुची टिकून राहिली किंवा वाढली. दोन्ही मिळालेली मुले मात्र केवळ गुण मिळालेल्यांच्या जवळ राहिली. गुण दिसताच शेऱ्याकडे दुर्लक्ष होते, असा याचा अर्थ लावला जातो. उत्तरपत्रिका हाती पडताच मुले आधी स्वतःचे आणि लगेच शेजाऱ्याचे गुण पाहतात, हे कोणत्याही वर्गात दिसणारे दृश्य या निष्कर्षाशी जुळते.

प्रत्येक अभिप्राय उपकारक असतो हा समज अव्राहम क्लूगर व अँजेलो डिनिसी यांच्या १९९६ च्या परामर्शाने डळमळीत झाला. त्यांनी पूर्वीच्या प्रयोगांतील ६०७ परिणाममूल्यांचे एकत्रित विश्लेषण केले. सरासरी परिणाम अनुकूल होता; परंतु एक तृतीयांशाहून अधिक उदाहरणांत अभिप्रायानंतर कामगिरी खालावली होती. लक्ष कामावरून उठून स्वतःवर, म्हणजे ‘मी हुशार की ढ’ या प्रश्नावर गेले की अभिप्राय मारक ठरतो, असे स्पष्टीकरण त्यांनी दिले. क्लॉडिया म्युलर व कॅरल ड्वेक यांनी १९९८ मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत ‘हुशार आहेस’ अशी स्तुती झालेल्या मुलांनी पुढील अपयशानंतर प्रयत्न लवकर सोडले. प्रयत्नांची स्तुती झालेली मुले अधिक चिकाटीने टिकली. म्हणजे दोष केवळ कठोर शेऱ्यांत नाही. गोड शेराही मुलाला कामापासून दूर नेऊ शकतो.

पॉल ब्लॅक व डिलन विल्यम यांनी १९९८ मध्ये सुमारे २५० अभ्यासांचा आढावा घेऊन आकारिक मूल्यमापनाचा पक्ष जोरकसपणे मांडला. ‘इनसाइड द ब्लॅक बॉक्स’ ही त्यांची छोटी पुस्तिका शिक्षकांत मोठ्या प्रमाणावर वाचली गेली. जॉन हॅटी व हेलन टिंपर्ली यांनी २००७ मध्ये अभिप्रायाने तीन प्रश्नांची उत्तरे द्यावीत असे सुचवले: कोठे जायचे आहे, आता कोठे आहे आणि पुढचे पाऊल कोणते. ‘छान’ हा शेरा यांपैकी एकाही प्रश्नाचे उत्तर देत नाही. त्याला प्रोत्साहनाचे मूल्य आहे, पण माहितीचे नाही.

या संशोधनाच्या मर्यादाही आहेत. बरेचसे प्रयोग अल्पकाळाचे होते आणि काहींतील कामे नेहमीच्या वर्गपाठासारखी नव्हती. इंग्लंडमधील एज्युकेशन एंडोमेंट फाउंडेशनसाठी ऑक्सफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१६ मध्ये केलेल्या आढाव्यात, शिक्षक वह्यांवर घालवत असलेल्या वेळेच्या मानाने लेखी तपासणीविषयीचा भक्कम पुरावा फारच थोडा असल्याचे आढळले. निसटती चूक आणि गैरसमज यांना वेगवेगळी वागणूक द्यावी, ही त्यातील एक व्यवहार्य सूचना होती. निसटत्या चुकीवर केवळ खूण करावी व दुरुस्ती मुलावर सोडावी. गैरसमज असल्यास सूचक प्रश्न किंवा इशारा द्यावा.

गुणदानातील तफावत

एकाच कामाला भिन्न परीक्षक भिन्न गुण देतात, ही तक्रार जुनी आहे. डॅनियल स्टार्च व एडवर्ड एलियट यांनी १९१२ मध्ये इंग्रजीच्या त्याच उत्तरपत्रिका अमेरिकेतील अनेक शाळांत पाठवून तपासून घेतल्या. एकाच उत्तरपत्रिकेला शंभरपैकी ५० पासून ९० च्या वरपर्यंत गुण मिळाले. तफावत भाषेच्या स्वरूपामुळे असेल असा आक्षेप निघाला, तेव्हा त्यांनी पुढील वर्षी भूमितीच्या उत्तरपत्रिकेवर तोच प्रयोग केला आणि तेथे फरक कमी होण्याऐवजी वाढला. कोणी पद्धतीला गुण देत होते, कोणी केवळ उत्तराला, तर कोणी नीटनेटकेपणासाठी गुण कापत होते.

सुवाच्य अक्षराचा गुणांवर होणारा परिणामही सुपरिचित आहे. सार्वजनिक परीक्षांत आदर्श उत्तरसूची, गुणदान योजना व नियामकांकडून फेरतपासणी यांच्या साहाय्याने ही तफावत आटोक्यात ठेवली जाते. महाराष्ट्र राज्य माध्यमिक व उच्च माध्यमिक शिक्षण मंडळाच्या परीक्षांत विद्यार्थ्याला गुणपडताळणी, उत्तरपत्रिकेची छायाप्रत व पुनर्मूल्यांकन यांसाठी अर्ज करता येतो. रोजच्या वहीला असे कोणतेही अपील नसते.

महाराष्ट्रातील व्यवस्था

१ एप्रिल २०१० पासून लागू झालेल्या बालकांचा मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा हक्क अधिनियम, २००९ याच्या कलम २९ मध्ये मुलाच्या आकलनाचे व ते उपयोजित करण्याच्या क्षमतेचे सातत्यपूर्ण व सर्वंकष मूल्यमापन अपेक्षिलेले आहे. कलम २४ नुसार प्रत्येक मुलाची अध्ययनक्षमता अजमावून गरजेप्रमाणे जादा शिकवणे हे शिक्षकाचे कर्तव्य आहे. या तरतुदींना अनुसरून महाराष्ट्र शासनाने २० ऑगस्ट २०१० रोजी पहिली ते आठवीसाठी सातत्यपूर्ण सर्वंकष मूल्यमापनाचा शासन निर्णय काढला. त्यात आकारिक व संकलित मूल्यमापनाचे भारांश इयत्तेनुसार ठरवले गेले. पहिली-दुसरीसाठी ते ७० व ३० टक्के, तिसरी-चौथीसाठी ६० व ४०, पाचवी-सहावीसाठी ५० व ५० आणि सातवी-आठवीसाठी ४० व ६० असे आहेत. आकारिक मूल्यमापनासाठी दैनंदिन निरीक्षण, तोंडी काम, प्रात्यक्षिक, उपक्रम, प्रकल्प, चाचणी, स्वाध्याय व वर्गकार्य आणि इतर अशी आठ साधन-तंत्रे दिली गेली. गुणांचे रूपांतर ‘अ-१’ पासून ‘इ-२’ पर्यंतच्या नऊ श्रेणींत केले जाते. ९१ ते १०० टक्के म्हणजे ‘अ-१’ आणि २० टक्के व त्यांखाली ‘इ-२’.

या व्यवस्थेचा गाभा वर्णनात्मक नोंदींत होता. शिक्षकाने प्रत्येक मुलाविषयी विशेष प्रगती, आवड व छंद आणि आवश्यक सुधारणा या शीर्षकांखाली आपल्या शब्दांत लिहावे अशी अपेक्षा होती. प्रत्यक्षात लवकरच तयार नोंदींच्या पुस्तिका बाजारात आल्या आणि पुढे त्याच याद्या मोबाइलवरून फिरू लागल्या. ‘स्वतःहून प्रश्न विचारतो’, ‘कविता तालासुरात म्हणतो’, ‘जोडाक्षरयुक्त शब्द वाचताना अडखळतो’ अशी शेकडो वाक्ये विषयवार छापलेली असतात. त्यांतून निवडून नोंदवही भरली जाते. वर्गात बसलेले मूल आणि नोंदवहीतील मूल यांची गाठ पडतेच असे नाही. पेज यांच्या प्रयोगातील ठरावीक वाक्यांचा गट आणि या पुस्तिका यांतील साम्य उघड आहे. भेद इतकाच की पेज यांनी निदान ती वाक्ये विद्यार्थ्यांच्या हाती दिली होती. नोंदवही मात्र बहुतांशी अधिकाऱ्यांसाठी भरली जाते.

याचा दोष केवळ शिक्षकांवर ठेवणे योग्य होणार नाही. प्रत्येक विषयात, प्रत्येक मुलासाठी, दर सत्रात स्वतंत्र वाक्ये लिहिण्याची अपेक्षा असलेल्या योजनेत त्यासाठी लागणाऱ्या वेळेची तरतूद नव्हती.

२०१९ मध्ये केंद्रीय अधिनियमात दुरुस्ती होऊन पाचवी व आठवीत नियमित परीक्षा घेण्याची व अनुत्तीर्ण मुलांना फेरपरीक्षेनंतर त्याच वर्गात ठेवण्याची मुभा राज्यांना मिळाली. महाराष्ट्राने २०२३ मध्ये नियमांत बदल करून या दोन इयत्तांसाठी वार्षिक परीक्षा सुरू केली. त्याच वर्षी पाठ्यपुस्तकांत धड्यांनंतर ‘माझी नोंद’ या शीर्षकाची कोरी पाने जोडण्याचा प्रयोग झाला. मुलांना वर्गातील टिपणे पुस्तकातच लिहिता यावीत आणि दप्तराचे ओझे कमी व्हावे, हा त्यामागील हेतू होता. वेगळ्या वह्या मात्र सुटल्या नाहीत आणि २०२५ मध्ये ही पाने वगळण्याचा निर्णय झाला.

तपासणीचा वेळ

शिक्षण हक्क अधिनियमानुसार उच्च प्राथमिक वर्गात ३५ मुलांमागे एक शिक्षक अपेक्षित आहे. एका वहीला तीन मिनिटे दिली तरी एका वर्गाच्या एका विषयाच्या वह्यांना १०५ मिनिटे लागतात. माध्यमिक शाळेत पाच तुकड्यांना शिकवणाऱ्या विषयशिक्षकाकडे प्रत्येक तुकडीत ४० विद्यार्थी असल्यास २०० वह्या येतात. प्रत्येकी दोन मिनिटांच्या हिशेबाने हे ६ तास ४० मिनिटांचे काम होते. द्विशिक्षकी शाळेत मुले कमी असली तरी एका शिक्षकाकडे दोन-तीन इयत्ता व सर्व विषय असतात. दोन मिनिटांत मुलाचे लेखन वाचून, चुकीमागील नियम ओळखून त्यावर विचारपूर्वक वाक्य लिहिणे शक्य नसते. ‘पाहिले’ हा शेरा या गणितातून जन्मतो.

इंग्लंडमध्ये हा प्रश्न उलट दिशेने तीव्र झाला. तेथे विद्यार्थ्याच्या कामावर शिक्षकाचा सविस्तर शेरा, त्याला विद्यार्थ्याचे वेगळ्या रंगातील लेखी उत्तर आणि त्यावर पुन्हा शिक्षकाचा शेरा अशी पद्धत अनेक शाळांनी अंगीकारली होती. शासनाने नेमलेल्या स्वतंत्र गटाने २०१६ मध्ये आपल्या अहवालात, तपासणी अर्थपूर्ण, आवाक्यातील व प्रेरक असावी अशी कसोटी सांगून या पद्धतीवर टीका केली. लेखी शेऱ्यांचे प्रमाण हे चांगल्या अध्यापनाचे माप मानू नये, असे त्या अहवालाचे म्हणणे होते. त्यानंतर तेथे संपूर्ण वर्गासाठी एकत्रित अभिप्राय देण्याची पद्धत रूढ होऊ लागली. शिक्षक सर्व वह्या वाचतो, पण प्रत्येकीवर लिहित नाही; वारंवार आढळलेल्या दोन-तीन चुका व एखादे चांगले उदाहरण टिपून घेतो आणि पुढच्या तासाची सुरुवात त्यांपासून करतो. महाराष्ट्रातील अनुभवी शिक्षकांना ही कल्पना नवी नाही. परवाच्या वह्यांत काय दिसले ते फळ्यावर मांडून शिकवणे हा जुना परिपाठ आहे. फक्त त्याची नोंद वहीत उमटत नाही, त्यामुळे वह्या पाहणाऱ्या अधिकाऱ्याला तो दिसत नाही.

विद्यार्थ्यांचा सहभाग

शुद्धलेखनाच्या तासाला शेजाऱ्याशी वह्यांची अदलाबदल करून फळ्यावरील शब्द पाहून तपासणे, हा सहाध्यायी तपासणीचा सर्वांत परिचित प्रकार. वेळ वाचवणे हा त्याचा मुख्य उद्देश असतो. सहाध्यायी मूल्यमापनाची शैक्षणिक कल्पना याहून निराळी आहे. तीत निबंध किंवा प्रयोगाची नोंद वाचून ‘मला काय समजले, काय समजले नाही’ हे सांगायचे असते. आपले लेखन दुसऱ्याला कळत नाही हे समवयस्काकडून कळले की मूल ते निमूट दुरुस्त करते, असा अनेक शिक्षकांचा अनुभव आहे. गुण देण्याचे काम मात्र मुलांवर सोपवल्यास मैत्री व भांडणे गुणांत उतरतात. म्हणून सहाध्यायी मूल्यमापन शेऱ्यापुरते मर्यादित ठेवण्याची शिफारस केली जाते. महाराष्ट्राच्या २०१० च्या योजनेत ‘इतर’ या साधनाखाली सहाध्यायी व स्वयंमूल्यमापनाचा उल्लेख आहे. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण, २०२० मधील समग्र प्रगतिपत्रकातही शिक्षकाबरोबर स्वतः विद्यार्थी व त्याचे सहाध्यायी यांचे मूल्यमापन अपेक्षित आहे.

दुरुस्तीसाठी राखून ठेवलेला वेळ हा या सर्वांतील दुर्लक्षित घटक होय. चुकलेला शब्द पाच किंवा दहा वेळा लिहून आणणे ही दुरुस्तीची प्रचलित रीत आहे. ती शब्दाचे रूप हाताला बसवते, पण नियम शिकवत नाही. ‘फुलाचा’ दहा वेळा लिहिलेले मूल त्याच पानावर ‘मूलाला’ लिहू शकते. वह्या परत दिल्यानंतर तासाची पहिली दहा मिनिटे विद्यार्थ्यांनी शेरे वाचून त्याच वहीत काम सुधारण्यासाठी ठेवली, तर शिक्षकाला वर्गात फिरून कोणाला शेरा कळलाच नाही हेही पाहता येते. काही शाळांत यासाठी वहीच्या डाव्या पानावर लेखन न करता ते दुरुस्तीसाठी कोरे सोडले जाते.